चित्रातले मुंगूस



स्मरणिकेसाठी इतिहासावर चार ओळी लिहा, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले, तेव्हा मी घाबरूनच गेले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि सनावळ्या एवढेच माझ्या डोक्यात बसलेले. परंतु मागच्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची सहल बदामी-पट्टदकलला गेली आणि तिथे एका खांबापाशी माझे पाय थबकले. त्या खांबावरच्या गोष्टीचा इतिहास मी पुढे जमेल तसा वाचला. तोच आज आपल्यापुढे ठेवते. काही उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

पट्टदकलचे विरूपाक्षाचे देऊळ लोकमहादेवी नावाच्या राणीने बांधविले. तिचा पती चालुक्य राजा विक्रमादित्य दुसरा. त्याने कांचीच्या पल्लवांवर जय मिळविला, त्याची आठवण म्हणून इसवी सन ७४० च्या सुमारास हे देऊळ उभे राहिले. आत रामायण-महाभारतातील प्रसंग कोरले आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला पंचतंत्रातली मुंगसाची गोष्टही आहे. देवाच्या दारी मुंगसाला जागा मिळाली, याचे मला मोठे नवल वाटले.

गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. घरात बाळ पाळण्यात निजलेले. राखणीला पाळलेले मुंगूस. आई पाण्याला गेली. इतक्यात साप आला. मुंगसाने त्याचे तुकडे केले आणि रक्ताने माखलेल्या तोंडाने ते आनंदाने आईला सामोरे गेले. तिला वाटले, याने माझे बाळच खाल्ले! तिने पाण्याची घागर त्याच्यावर घातली. मुंगूस मेले. आत जाऊन पाहते तो बाळ सुखरूप. काही जुन्या प्रतींत हे पाप आईच्या हातून होते, काहींत बापाच्या. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचे नावच ‘अपरीक्षितकारक’ आहे. म्हणजे नीट न पाहता, न तपासता केलेली करणी.

भगिनींनो, त्या खांबापाशी मी थबकले याचे कारण सांगते. लपवून काय उपयोग? माझा थोरला लहान असताना आमच्याकडे कामाला एक मावशी येत. मला विषमज्वर झाला तेव्हा त्यांनी माझे मूल आपल्या नातवासारखे सांभाळले. पुढे एके दिवशी बारशाला आलेली चांदीची वाटी सापडेना. मी घर पाहिले नाही, कोणाला विचारले नाही. चार बायकांदेखत मावशींना नको ते बोलले. त्या काही न बोलता निघून गेल्या. आठव्या दिवशी वाटी पिठाच्या डब्यामागे सापडली. मी तशीच त्यांच्या घरी गेले. म्हटले, “मावशी, माझे चुकले.” त्यांनी मला बसवून चहा दिला आणि म्हणाल्या, “ताई, विचारलं असतंत तर मीच शोधून दिली असती.” कामाला मात्र त्या परत आल्या नाहीत. मुंगसाची गोष्ट मला तेव्हाही पाठ होती. पण पाठ असून उपयोग काय झाला?

ही गोष्ट आपल्या देशातच राहिली नाही. इराणचा बादशहा नौशेरवान (५३१ ते ५७९) याच्या दरबारात बुर्झोय नावाचा वैद्य होता. तो मेलेल्यास जिवंत करणारी वनस्पती शोधायला हिंदुस्थानात आला, अशी आख्यायिका आहे. वनस्पती काही मिळाली नाही. शेवटी एका ज्ञानी पुरुषाने सांगितले की, ती वनस्पती म्हणजे शहाण्यांचे बोल, आणि मेलेले म्हणजे अज्ञानी लोक. तेव्हा बुर्झोयने पंचतंत्र आपल्या भाषेत उतरवून नेले. पुढे ७५० च्या सुमारास इब्न अल्-मुकफ्फा याने ते अरबीत आणले. करटक आणि दमनक या आपल्या दोन कोल्ह्यांची नावे तिकडे ‘कलीला’ आणि ‘दिम्ना’ अशी झाली व ग्रंथही त्याच नावाने प्रसिद्ध झाला.

या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मला फार उपयोगाची एक गोष्ट सापडली. पुस्तकात प्राण्यांची रंगीत चित्रे का असावीत, याचाही विचार तिथे केला आहे. चित्रांनी मन रमते, आणि मन रमले की माणूस ग्रंथ पुन्हा पुन्हा हाती घेतो, असा त्याचा भावार्थ. म्हणजे चित्र हे नुसते पोरांना भुलविण्याचे साधन नव्हे. राजेमहाराजांनाही त्याची गरज होती! ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात १३५४ सालची अशी एक सचित्र अरबी प्रत आहे. तीत ससा हत्तींच्या राजाला पाण्यातला चंद्र दाखवीत आहे. आपल्या अकबर बादशहानेही या गोष्टी अबुल फझलकडून सोप्या फारसीत लिहवून घेतल्या (१५८८) आणि चित्रकारांकडून रंगविल्या. जर्मनीत उल्म गावी १४८३ साली लाकडी ठशांच्या चित्रांसह हे पुस्तक छापले गेले.

देश बदलला तसे मुंगूसही बदलले. कुठे त्याचे कुत्रे झाले. वेल्समध्ये बेडगेलर्ट नावाच्या गावी एका राजपुत्राच्या इमानी कुत्र्याची समाधी दाखवितात. तिथे सापाऐवजी लांडगा आहे, बाकी गोष्ट तीच. उतावळेपणाला देश नाही, हेच खरे.

आपल्या मराठीत ही नीतिकथांची पुस्तके छापून आली, तीही दूरदूरच्या गावांहून. तंजावरच्या सरफोजी राजांनी आपल्या छापखान्यात १८०६ साली इसापच्या गोष्टी ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने मराठीत छापविल्या. बंगालमधील श्रीरामपूरला वैजनाथ पंडितांचा मराठी हितोपदेश १८१५ साली निघाला. हितोपदेशातही मुंगसाची गोष्ट आहेच. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची इसापनीती १८२८ साली आली. मोठमोठे पंडित पोरांच्या गोष्टींसाठी झिजले, ते उगीच नव्हे.

आता माझ्या अल्पबुद्धीला जे उमगले ते सांगते. उपदेश कानाने ऐकला की तो कानातच राहतो. रागाच्या वेळी कान बंद असतात. चित्र मात्र डोळ्यांपुढे येऊन उभे राहते. लोकमहादेवीच्या शिल्पकारांना हे कळले असावे. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही तो खांब वाचता येतो.

सहलीहून आल्यावर मी भाचीकडून मोठ्या कागदांवर चार चित्रे काढून घेतली आणि आपल्या बालवाडीत नेली. पाळण्याशी मुंगूस, साप मारणारे मुंगूस, दारात रक्ताळल्या तोंडाचे मुंगूस व घागर घेतलेली आई, आणि शेवटी पाळण्यात हसणारे बाळ. तिसऱ्या चित्रापाशी मी थांबते. तात्पर्य सांगत नाही. मुलांना विचारते, “आता आईने काय करावे?” पहिल्याच दिवशी मागे बसलेली एक चिमुरडी ओरडली, “घागर खाली ठेव, आधी आत जाऊन बघ!” माझे डोळे भरून आले. एवढे एक वाक्य त्या वेळी मला कोणी सांगितले असते तर!

तेव्हापासून ते तिसरे चित्र मी स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याच्या वर लावले आहे. घरात काही हरवले, सुनेचा राग आला, शेजारणीचे काही कानावर आले, की तिकडे नजर जाते. दर वेळी जीभ आवरते असे म्हणणार नाही. पण पुष्कळदा आवरते, आणि तेवढ्याने घरातले दिवस सुखाचे जातात.

मंडळाने या वर्षी बालवाडीसाठी अशा दहा गोष्टींची चित्रे करून घ्यावीत, अशी माझी सूचना आहे. कागद आणि रंग यांचा खर्च फार नाही. कासव आणि हंस, माकड आणि मगर, सिंह आणि ससा या गोष्टी आपणा सर्वांच्या ओठांवर आहेत. त्या भिंतीवर आणू या. आपली मुले शहाणी होतील, आणि ती चित्रे लावता लावता आपणही थोड्या होऊ.

मंडळाची अशीच भरभराट होवो, ही प्रार्थना करून लेखणी खाली ठेवते.