कोर्लईचा खडक आणि पायथ्याची माणसे



रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेला कुंडलिका नदी समुद्राला मिळते. खाडीच्या उत्तरेला रेवदंडा, आणि दक्षिणेला समुद्रात घुसलेला खडकाळ डोंगर, तो कोर्लईचा. रेवदंड्याला लागून असलेले चौल हे फार जुने बंदर. अरब प्रवाशांनी त्याला सैमूर म्हटले आहे. गलबतांना आडोसा देणारी खाडी आणि आतल्या मुलखाकडे जाणारी वाट, यांमुळे येथे वस्ती वाढली.

1521 मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला कोट बांधायला घेतला. पुढे कोटात चर्च आणि मठ उभे राहिले. फ्रान्सिस्कन मठाचा उंच मनोरा आजही तेथे दिसतो. लोक त्याला सातखणी म्हणतात. 1594 मध्ये पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून कोर्लईचा डोंगरी किल्ला लढून घेतला. एका हाती क्रूस आणि दुसऱ्या हाती तोफ, असा तो काळ होता. आपल्या श्रद्धेचा इतिहास सांगताना हे झाकून ठेवू नये.

1739 मध्ये वसई पडली आणि 1740 च्या तहाने चौल व कोर्लई मराठ्यांकडे आले. अधिकारी आणि सरदार निघून गेले. डोंगराच्या पायथ्याशी राहिली ती साधी ख्रिस्ती कुटुंबे. त्यांच्यापाशी ना सत्ता होती ना सैन्य. जमीन, समुद्र आणि प्रार्थना एवढेच होते.

तरीही ती टिकली. कोर्लईत आज माउंट कार्मेल मातेचे चर्च आहे आणि तेथील ख्रिस्ती घरांत एक वेगळीच बोली जिवंत आहे. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची ठेवण मराठीच्या वळणाची. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे ‘आमची भाषा’. शेजारी मराठी, शाळा मराठी. बोली बोलणारे सुमारे हजारच. एवढ्या थोड्या लोकांनी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती आईकडून लेकराकडे पोहोचवली.

प्रभू येशूने खडकावर बांधलेल्या घराचा दाखला दिला. कोर्लईचा किल्ला तर खऱ्याखुऱ्या खडकावर आहे, पण आज तो ओस आहे. पायथ्याची वस्ती मात्र नांदते आहे. प्रभूच्या दाखल्यातला खडक दगडाचा नव्हताच. वचन ऐकून त्याप्रमाणे चालणे, हाच तो खडक.

बेळगाव, इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील आपली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही अशीच थोडी आहेत. मुले शाळेत दुसरी भाषा शिकतात, रस्त्यावर तिसरी बोलतात. संध्याकाळी घरात रोझरी कोणत्या भाषेत होते आणि ती होते का, हे मोठ्या चर्चच्या इमारतीवर ठरत नाही. ते आपल्या स्वयंपाकघरात ठरते.

आज घरी दिवा लागल्यावर मुलांना जवळ बसवा. एक ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सावकाश, शब्द न गाळता, सगळ्यांनी मिळून म्हणा. कोर्लईच्या आयांनीही एवढेच केले होते.