फ्रेंच सूप आणि आसोद्याचं वांगं

'रेस्टॉरंट' हे मुळात जागेचं नाव नव्हतं, एका पातळ पदार्थाचं नाव होतं असं सांगितलं तर गंमत वाटेल. फ्रेंचमध्ये 'रेस्तोरे' म्हणजे पुन्हा ताकद आणणं. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये 'रेस्तोराँ' म्हणजे अशक्त माणसाला पाजायचं मांसाचं कढण. आपल्याकडे तापातून उठलेल्याला मुगाचं कढण देतात ना, तोच प्रकार. १७६० च्या दशकात असं कढण विकणारी दुकानं पॅरिसमध्ये निघाली. जुन्या खाणावळीत सगळ्यांनी एकाच मोठ्या टेबलाभोवती, ठरल्या वेळी बसायचं आणि पुढे येईल ते खायचं. या नव्या दुकानात मात्र वेगळं छोटं टेबल, आपल्या सोयीची वेळ आणि हातात यादी. हळूहळू कढण मागे पडलं, टेबल आणि यादी राहिली, आणि दुकानालाच कढणाचं नाव चिकटलं.

हे सगळं डोक्यात घोळायला लागलं ते जळगावात. भाच्याला नोकरी लागली म्हणून त्याने आम्हा सगळ्यांना जेवायला नेलं. गावाबाहेर नवीन हॉटेल झालं होतं (नाव सांगत नाही, त्यांचा काही गुन्हा नाही). मंद दिवे, पांढरे टेबलक्लॉथ, भिंतीवर आयफेल टॉवर, आणि मेनूत एक अख्खं पान 'फ्रेंच'. धुळ्याहून आलेल्या मावशीसकट सगळ्यांनी हौसेने फ्रेंच ओनियन सूप मागवलं, मग भाज्यांचं 'ओ ग्रातँ', आणि शेवटी 'क्रेप'.

सूप आलं ते पांढरट आणि कॉर्नफ्लोअरने घट्ट केलेलं. मावशीने एक चमचा घेतला आणि म्हणाली, "अरे, याचा कांदा तर कच्चाच राहिलाय." ग्रातँ म्हणजे गोडसर व्हाइट सॉसमध्ये बुडवलेले फ्लॉवर-गाजर, वर डब्यातलं चीज. क्रेप म्हणजे चॉकलेट घातलेलं धिरडं. भाचा बिचारा ओशाळला. वाढणारा मुलगा शहाणा होता, न मागता कांदा-लिंबू आणून ठेवून गेला.

निघताना आचारी भेटला. पारोळ्याकडचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. मी सहज विचारलं, हे सगळं कुठे शिकलास? तो म्हणाला, "काका, व्हिडिओ बघून करतो. मी स्वतः हे कधी खाल्लेलं नाही. चव बरोबर आली की नाही, ते मला कसं कळणार?"

त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण तो प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे, हे मात्र नंतर लक्षात आलं.

आपल्याकडे फ्रेंच जेवण फ्रेंचांनी आणलंच नाही, ते इंग्रजांनी आणलं. १८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. पुढच्याच वर्षी कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचं ठाणं केलं. तिथल्या साहेबाच्या टेबलावर काय असायचं? एकोणिसाव्या शतकातला बडा इंग्रज स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल जरा न्यूनगंडच बाळगून होता. इंग्लंडात मोठ्या घरची मेजवानी म्हटली की मेनू फ्रेंचमध्ये छापायचा, जमलं तर आचारीही फ्रेंच ठेवायचा. राणी व्हिक्टोरियाच्या टेबलावरचे मेनूही फ्रेंचच. तीच ऐट बोटीतून हिंदुस्थानात आली. म्हणजे आपल्यापर्यंत जे पोचलं ती नकलेची नक्कल होती.

तेव्हाही जाणकारांना हे खटकत होतं. मद्रासच्या फौजेतला कर्नल केनी-हर्बर्ट 'वायव्हर्न' या टोपणनावाने स्वयंपाकावर लिहायचा. त्याचं 'क्युलिनरी जॉटिंग्ज फॉर मद्रास' हे पुस्तक १८७८ साली निघालं. हा गृहस्थ फ्रेंच पद्धतीचा कट्टर चाहता. पण त्याची तक्रार काय, तर इथे ताजी मासळी, ताजी भाजी दारात येत असताना आपली साहेब मंडळी पाहुण्यांपुढे विलायती डब्यातलं उघडून ठेवतात! फ्रेंच पद्धत म्हणजे हाताशी असलेला चांगला जिन्नस नीट रांधणं, हे त्याला कळलं होतं. बाकीच्यांना फक्त मेनूवरची नावं कळली होती.

खानदेशात ही नावं पसरवली ती मुख्यतः रेल्वेने. १८६० च्या दशकात जी. आय. पी. रेल्वे इथून पुढे गेली, १८६७ मध्ये भुसावळहून नागपूरचा फाटा निघाला, १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता सलग जोडले गेले. भुसावळ हे मोठं जंक्शन झालं, तिथे गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन रेल्वेवाल्यांची वसाहत झाली. स्टेशनवरचं उपाहारगृह आणि डाक बंगल्याचा खानसामा या दोन वाटांनी कटलेट, ऑम्लेट, कॅरमल कस्टर्ड आपल्याकडे रुजलं. हे तिन्ही मुळात फ्रेंच बरं का! 'कोतलेत' म्हणजे बरगडीचा तुकडा. आज आपण बटाट्याच्या कटलेटमध्ये बरगडी शोधत नाही, आणि ते छानही लागतं. म्हणजे परका पदार्थ आपल्याकडे रुजूच शकत नाही, असं काही नाही. खानसाम्याने तो रोज केला, साहेबाच्या शिव्या खाऊन सुधारला, उरलेलं स्वतः चाखलं, मग आपल्या पद्धतीने बदलला. पदार्थ असा पिढ्यान्‌पिढ्या हाताखालून गेला की आपला होतो.

चाखण्यावरून एक किस्सा आठवला. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे कवळाण्याचे, मालेगावजवळचे, म्हणजे खानदेशच्या वेशीवरचे. १८६३ साली जन्मलेलं हे शेतकऱ्याचं पोर १८७५ मध्ये दत्तक गेलं आणि महाराज झालं. त्यांची मुलगी इंदिराराजे पुढे कूचबिहारची महाराणी झाली. तिची मुलगी म्हणजे जयपूरच्या गायत्रीदेवी. त्यांनी आठवणींत लिहिलंय, की आईने आपल्या एका आचाऱ्याला रोमच्या 'अल्फ्रेडो' या प्रसिद्ध रेस्टॉरंटमध्ये नेलं होतं. कशाला? तर लझान्या खरा कसा लागतो हे त्याला कळावं म्हणून! राजेरजवाड्यांची चैन म्हणून आपण हसतो, पण बाईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. ज्याने चाखलं नाही त्याला रांधता येत नाही. पारोळ्याच्या पोराला रोमला कोण नेणार?

आता त्या कच्च्या कांद्याकडे वळतो, कारण खरी मेख तिथेच आहे. फ्रेंच ओनियन सूप हा काही राजवाड्यातला पदार्थ नव्हे. पॅरिसच्या मधोमध 'ले आल' नावाचा प्रचंड भाजी-मांस बाजार होता (१९६९ मध्ये तो शहराबाहेर रँजिसला हलवला). तिथले हमाल, गाडीवाले रात्रभर राबायचे आणि पहाटे हे सूप प्यायचे. कांदा, शिळा पाव, कढण, वर चीज. गरिबाचं खाणं. सगळी करामत कांद्यात. तो मंद आचेवर पाऊण तास, तासभर, गडद तपकिरी होईपर्यंत परतायचा.

आता सांगा, कांदा खरपूस भाजणं खानदेशी माणसाला कोणी शिकवायचं? आपला काळा रस्सा होतो तोच मुळी निखाऱ्यावर काळाभोर भाजलेल्या कांदा-खोबऱ्यातून. त्या पोराच्या घरी हे सणावाराला होतच असणार. म्हणजे त्या सुपाचं मर्म त्याच्या आईच्या चुलीवर होतं. पण 'फ्रेंच' म्हणजे पांढरं, गुळगुळीत, सौम्य, अशी समजूत साहेबाच्या काळापासून आपल्या डोक्यात बसलेली. हातात असलेली कला त्याने बाजूला ठेवली आणि कॉर्नफ्लोअरचा डबा उघडला. वायव्हर्नची तक्रार दुसरी काय होती?

खुद्द फ्रान्समध्येसुद्धा खेड्यातल्या जेवणाला मान मिळायला बराच वेळ लागला. मान होता तो दरबारी, मोठ्या हॉटेलांच्या जेवणाला. एस्कॉफिए या महान आचाऱ्याने त्या जेवणाचा जाडजूड ग्रंथ १९०३ मध्ये काढला. (त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईचं ताजमहाल हॉटेल उघडलं.) मग मोटारी आल्या. मिशलँ या टायर कंपनीने १९०० पासून मोटारवाल्यांसाठी पुस्तिका काढायला सुरुवात केली होती. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजतील, हा साधा हिशेब! १९२६ पासून त्यात चांगल्या खानावळींना तारे द्यायला लागले. त्याच सुमारास कुर्नोन्स्की या टोपणनावाचा पत्रकार १९२१ पासून एका मित्राबरोबर प्रांतोप्रांतीच्या पदार्थांवर पुस्तकांची मालिकाच लिहीत होता. कुठल्या गावात काय चांगलं मिळतं, कोण करतं, कसं करतं, सगळं टिपून ठेवलं.

त्यातून कोण पुढे आलं? युजेनी ब्राझिए नावाची बाई. ब्रेस भागातल्या शेतावर १८९५ साली जन्म, दहाव्या वर्षी आई गेली, लहानपण डुकरं राखण्यात गेलं. पुढे लियाँमध्ये तिने आपली खानावळ काढली, मग जवळच्या डोंगरावर दुसरी. १९३३ मध्ये मिशलँने तिच्या दोन्ही खानावळींना तीन-तीन तारे दिले. तिच्या नावाजलेल्या पदार्थात कोंबडी असे ती ब्रेसचीच. त्या ब्रेसच्या कोंबडीचं नाव जपायला १९५७ मध्ये फ्रान्सने खास कायदा केला. रोकफोर चीजसाठी तर १९२५ मध्येच केला होता. अमुक चव अमुक मातीची आणि अमुक हातांची, ती दुसऱ्याने त्या नावाने विकायची नाही.

फ्रेंचांकडून उचलायचंच असेल तर मला वाटतं हे उचलावं. आणि गंमत म्हणजे कागदोपत्री आपण ते उचललंही आहे. भारतात भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ मध्ये झाला, २००३ मध्ये लागू झाला. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला, जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि नवापूरच्या तूरडाळीला असं मानांकन मिळालं. पण त्या संध्याकाळच्या सोळा पानी मेनूत यातलं एकही नाव नव्हतं. जगात कुठेही छापता येईल असा तो मेनू होता.

वांग्यावरून आसोदा आठवलं. जळगावला लागून असलेलं हे गाव भरिताच्या हिरव्या वांग्यांसाठी प्रसिद्ध, आणि बहिणाबाईंचं माहेर म्हणूनही. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. घरकाम, शेतकाम करताना त्या गाणी रचत. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी काही उतरवून ठेवली, आणि बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ मध्ये ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापली गेली. ती वही नसती तर? महाराष्ट्राला हा ठेवा होता हेच कळलं नसतं. किती बायांची गाणी अशी न उतरवता गेली असतील!

स्वयंपाकाचं तेच आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात तेव्हा आमरसाबरोबर खापराची पुरणपोळी होते. पालथ्या खापराखाली जाळ, सैल मळलेली कणीक, पुरण भरून पोळी दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवत मोठी करायची आणि अलगद खापरावर टाकायची. भल्याभल्या आचाऱ्यांना घाम फुटेल अशी ही कला. तिचं माप कुठे आहे? मावशीला विचारलं तर म्हणाली, "पीठ हाताला सांगतं." बरोबरच आहे, पण ते हात आता पंच्याहत्तरीचे झालेत. तिच्या सुनांना ती पोळी येत नाही, नातींना तर खापर कुठे मिळतं तेही ठाऊक नाही.

तेव्हा माझी एक विनंती. तुमच्या घरात असं कोणी असेल तर यंदाच्या आखाजीला शेजारी वही घेऊन बसा. कणकेत पाणी किती, ती किती वेळ तिंबली, पुरण कितपत कोरडं, जाळ कसला, खापर कुठल्या कुंभाराकडचं. भरीत करत असतील तर वांगं कुठल्या गावचं, कपाशीच्या किती काड्या लागल्या, मिरच्या किती, ठेचायचं की घोटायचं. सांगणाऱ्या बाईचं नाव आणि गाव वर लिहा. आणि मग लिहिलेलं स्वतः एकदा करून, चाखून बघा. मावशीचं पहिलं पान झालंय. कणकेचं माप अजून जुळत नाही, दोनदा पोळी फाटली. तिसऱ्यांदा तिने माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं आणि म्हणाली, "हे लिही आता."