पडून राहिलेल्या बॅटरीची वीज कोठे जाते?

विद्युत संचायक म्हणजे वीज साठवून ठेवणारे साधन, असे आपण वर्गात सांगतो, तेव्हा विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर पाण्याची टाकी येते. नळ बंद केला की पाणी टाकीतच राहणार! शिसे-आम्ल बॅटरीचा नळ मात्र पूर्ण बंद असा कधीच होत नाही. अमेरिकेच्या उत्तर भागातील गोल्फच्या मैदानांवर याचा अनुभव दर वर्षी येतो. विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या तेथे १९५० च्या दशकात रूढ झाल्या. हिवाळ्यात मैदाने बंद पडतात आणि या गाड्या काही महिने शेडमध्ये उभ्या राहतात. नीट काळजी घेतली नसेल, तर वसंत ऋतूत त्यांतील बॅटऱ्या चार्ज करूनही पूर्वीसारखे काम देत नाहीत. गाडी तर हललीही नाही, मग वीज गेली कोठे? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला बॅटरीच्या जन्मापर्यंत मागे जावे लागेल.

फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते याने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे घेतले, त्यांच्यामध्ये विद्युतरोधक थर ठेवून त्यांची गुंडाळी केली आणि ती विरल गंधकाम्लात बुडवली. हाच पहिला व्यवहार्य संचायक घट. १८६० मध्ये अशा नऊ घटांची बॅटरी त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडली. परंतु साध्या पत्र्यांच्या घटात वीज फार थोडी साठत असे. ती वाढवण्यासाठी प्लान्ते घट पुन्हा पुन्हा चार्ज करी, रिकामा करी, विजेची दिशा उलटवी आणि मध्ये काही काळ घट नुसता पडू देई. या विश्रांतीने घटाची क्षमता वाढते, असे त्याच्या ध्यानात आले होते.

या विश्रांतीच्या काळात घडे काय? चार्ज झालेल्या धन पत्र्यावर लेड डायऑक्साइडचा तपकिरी थर असतो आणि त्याच्या खाली शिसे असते. दोन वेगळे पदार्थ, एकमेकांना चिकटलेले आणि दोन्ही आम्लात भिजलेले! म्हणजे एकाच पत्र्यावर असंख्य सूक्ष्म घट तयार होतात आणि बाहेर तार जोडलेली नसतानाही ते चालू राहतात. यालाच स्थानिक क्रिया म्हणतात. तिच्यामुळे थराचे आणि खालच्या थोड्या शिशाचेही लेड सल्फेट होते. पुढच्या चार्जिंगमध्ये या सल्फेटपासून पुन्हा लेड डायऑक्साइड बनते, म्हणून कार्यक्षम थर आधीपेक्षा जाड होतो. इंग्लंडमध्ये ग्लॅडस्टन आणि ट्राइब या रसायनशास्त्रज्ञांनी १८८२ च्या सुमारास हा उलगडा केला. घट वीज देतो तेव्हा दोन्ही पत्र्यांवर लेड सल्फेट बनते, हेही त्यांनीच दाखवले. जी क्रिया प्लान्तेचा घट घडवत होती, तीच पडून राहिलेली बॅटरी रिकामी करते.

दरम्यान १८८१ मध्ये कामीय फोर याने पत्र्यांना थेट शिशाच्या ऑक्साइडचा, म्हणजे आपल्या परिचयाच्या शेंदराचा, लेप दिला आणि घट घडवण्याचे लांबलचक काम वाचवले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये चार्ज केलेले फोरचे घट एका पेटीतून ७२ तासांचा प्रवास करून ग्लासगोला विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्विन) यांच्याकडे पोहोचले. पेटीत दहा लाख फूट-पौंड ऊर्जा असल्याचा मोठा गाजावाजा झाला. आपल्या वीजबिलाच्या भाषेत ही ऊर्जा सुमारे ०.३८ युनिट भरते!

लेप धरून ठेवायला जाळी लागते आणि शुद्ध शिसे फार मऊ. म्हणून १८८१ मध्येच सेलन याने शिशात अँटिमनी मिसळण्याची युक्ती काढली. जाळी कडक झाली, पण एक नवा दोषही शिरला. धन जाळीतील अँटिमनी हळूहळू आम्लात उतरते आणि ऋण पत्र्यावर जाऊन बसते. शिशाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन सहजासहजी सुटत नाही, म्हणूनच तर ऋण पत्रा आम्लात टिकतो. अँटिमनीवर मात्र तो सहज सुटतो आणि तेवढ्या शिशाचे सल्फेट होते.

टेलिफोन केंद्रातील बॅटऱ्या वर्षानुवर्षे चार्जरला जोडलेल्याच असतात. तेथे हा दोष फार जाणवे. १९३५ मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅरिंग आणि थॉमस यांनी अँटिमनीऐवजी अल्प कॅल्शियम वापरलेल्या जाळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा घटांत वीज झिरपण्याचे प्रमाण बरेच कमी होते. मग गोल्फच्या गाडीत कॅल्शियम का नाही? कारण तिची बॅटरी रोज खोलवर रिकामी होते आणि हा ताण अँटिमनीची जाळी अधिक चांगला सोसते. झिरपणे ही त्या टिकाऊपणाची किंमत आहे.

ती किती, याचा हिशेब करू. ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या मिळून ३६ व्होल्ट. क्षमता सुमारे २२५ अँपिअर-तास. गुणाकार सुमारे ८ युनिट. महिन्याला फक्त ५ टक्के झिरपले असे धरले, तरी ०.४ युनिट गेले. म्हणजे टॉमसनकडे आलेल्या त्या पेटीतील सगळी वीज उभ्या गाडीतून एका महिन्यात नाहीशी होते! तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की हा वेग साधारण दुप्पट होतो.

नुसती वीज जाऊन भागत नाही. ताजे लेड सल्फेट पिठीसाखरेसारखे बारीक असते आणि चार्जिंगच्या वेळी लवकर विरघळते. बरेच दिवस तसेच राहिले, तर त्याचे मोठे स्फटिक वाढतात. खडीसाखर विरघळायला किती वेळ लागतो, हे आपण जाणतोच. त्यात थंडीची भर पडते. पूर्ण चार्ज बॅटरीतील आम्ल (विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२७) उणे ५० अंशांनाही गोठत नाही, पण गुरुत्व १.१० पर्यंत उतरले, की ते उणे ८ अंशांच्या आसपास गोठते आणि बॅटरीचे कवच तडकू शकते.

म्हणून नियम असे: ठेवण्यापूर्वी बॅटरी पूर्ण चार्ज करावी, पत्रे बुडतील इतके ऊर्ध्वपातित पाणी असल्याची खात्री करावी, बारीकसारीक वीज ओढणारी उपकरणे तोडावीत, जागा थंड असावी आणि दर महिन्याला गुरुत्व मोजून गरजेप्रमाणे पुन्हा चार्ज करावे. साधा चार्जर महिनोन्‌महिने चालू ठेवणेही घातक, कारण जादा विजेने पाण्याचे विघटन होते आणि जाळी गंजते. व्होल्टेज पाहून आपोआप थांबणारा आणि पुन्हा सुरू होणारा चार्जर असेल, तर हे काम तो करतो.

आपल्याकडे बर्फ नाही, पण मे महिना आहे. शाळेच्या इन्व्हर्टरची बॅटरी सुट्टीत मुख्य स्विच बंद करून ठेवली, तर ती नेमकी सर्वांत उष्ण दिवसांत पडून राहते. तिची झाकणे उघडणारी असतील, तर शिक्षकांनी चष्मा आणि हातमोजे घालून, हवेशीर जागी व ज्योत दूर ठेवून, सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर हायड्रोमीटरने प्रत्येक घटातील गुरुत्व मोजावे. आकडे फळ्यावर मांडून घट का झाली, हे विद्यार्थ्यांना विचारावे. "वापरली नाही, मग संपली कशी?" असा प्रश्न त्यांच्याकडून आला, की स्थानिक क्रिया शिकवण्यास याहून चांगली सुरुवात नाही.