किल्ली, घंटा आणि झाडू

शाळांच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिका मी पुष्कळ चाळल्या आहेत. पहिल्या पानावर संस्थापक, मग मुख्याध्यापकांची नामावळी, देणगीदार, बोर्डात चमकलेली मुले. शिपाईमामा सापडतात ते शेवटच्या समूहचित्रात, एका कडेला उभे. वास्तविक शाळा उघडते किल्लीने आणि सुरू होते घंटेने, आणि या दोन्ही गोष्टी त्यांच्या हाती असतात. मी मास्तरकी करतो आणि कादंबऱ्या लिहितो. घरात पाणी कोण भरते आणि उष्टी कोण काढते हे कळल्याशिवाय मला त्या घराची गोष्ट लिहिता येत नाही. शाळेचा इतिहासही त्याच बाजूने पाहावा, असे मला वाटत आले आहे.

गरीब विद्यार्थ्याने शिकण्यासाठी तग धरायची आपल्याकडची जुनी रीत म्हणजे वार लावून जेवणे किंवा माधुकरी मागणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्या मुलाने यजमानाच्या पूजेची फुले आणावी, धाकट्यांना पाढे सांगावे. काम तो करीत असे, पण मान खाली घालून. कारण ते काम मजुरीचे नव्हते, उपकारफेडीचे होते. शिवाय हे दार मुख्यतः ब्राह्मणाच्या मुलासाठी उघडे. कुणब्याच्या, धनगराच्या किंवा अस्पृश्य ठरवलेल्या घरातल्या पोराने तालुक्याच्या गावी कुणाच्या ओटीवर पान मांडावे?

त्याचे पहिले मोठे उत्तर कोल्हापूरने दिले. शाहू महाराजांनी १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले आणि पुढे इतर समाजांची वसतिगृहेही उभी राहिली. पण ही घरे जातवार होती. पुढचे पाऊल पडले साताऱ्यात. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती १९२४ मध्ये साताऱ्याला आणली आणि तेथे वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. या घराचे वेगळेपण असे, की सगळ्या जातींच्या मुलांची चूल एकच होती. स्वयंपाक मुलांनीच करायचा, अंगण मुलांनीच झाडायचे. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. गळ्यातले मंगळसूत्रही त्यातून सुटले नाही. १९३० साली त्या वारल्या. शाळा चालवणाऱ्यांची यादी करायची झाली, तर संस्थापकांच्या शेजारी स्वयंपाकघरातले हे नाव लिहावे लागते.

१९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. शिक्षण विनामूल्य, राहणे शाळेतच, आणि त्याबद्दल श्रम करायचे. 'कमवा आणि शिका' ही योजना ती हीच. मुलांनी शेतात राबावे, बांधकामावर घाम गाळावा आणि वर्गात बसावे. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य संस्थेने आपले म्हणून मिरवले, त्यामागे हा हिशेब होता. वारावर जेवणारा मुलगा आणि हा मुलगा, दोघेही कष्ट करतात. परंतु दुसऱ्याला कुणाच्या दारात उभे राहावे लागत नाही. त्याचा घास त्याने मिळवलेला असतो. शिवाय झाडू प्रत्येकाच्या हातात पाळीने येतो, त्यामुळे झाडणे ही कुणा एका जातीची जन्माची नेमणूक राहत नाही.

वर्ध्याला १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तीत हाताच्या कामाभोवती शिक्षण गुंफण्याचा विचार मांडला गेला. पुढे १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि श्रम वेळापत्रकात आले. दुसरीकडे शाळेतला पगारी श्रमही कायद्याच्या पदराखाली आला. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ साली झाला आणि १९८१ पासून अमलात आला. कारकून, प्रयोगशाळा परिचर, शिपाई, पहारेकरी, सफाईगार हे सगळे त्यात कर्मचारी ठरले. कामावरून काढले तर मास्तराप्रमाणेच शिपायालाही शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली. माझ्या मते मास्तर आणि शिपाई एकाच कागदावर आले, ही शाळांच्या इतिहासातली लहान गोष्ट नव्हे.

म्हणूनच डिसेंबर २०२० मधला शासन निर्णय मला खुपतो. अनुदानित खाजगी माध्यमिक शाळांतील शिपायांची पदे रिकामी होतील तसतशी पुन्हा न भरता, त्याऐवजी शाळेला महिन्याचा ठोक भत्ता द्यावा, असे त्यात ठरले. ग्रामीण भागासाठी हा आकडा पाच हजार रुपये. एवढ्या पैशात दिवसभराचा माणूस मिळणे कठीण. मग किल्ली, घंटा आणि झाडू कुणाकडे जाणार? जवळ उभी असलेली मुले पोरेबाळेच असतात.

येथे कुणी म्हणेल, साताऱ्याची मुले झाडत नव्हती काय? झाडत होती. पण तेथे मूल झाडत होते ते स्वतःच्या शिक्षणासाठी, सर्वांच्या बरोबरीने, आणि त्या श्रमाचा मोबदला त्याच्याच पदरात पडत होता. रिकाम्या जागेचे काम मुलावर येते, तेव्हा वाचतो तो सरकारचा पगार. आणि पाळी लावणारे कुणी उरले नाही, म्हणजे झाडू हळूहळू कुणाच्या मुलाच्या हातात स्थिरावतो, हे आपल्या समाजात वेगळे सांगायला नको.

मुलांनी शाळेत काम जरूर करावे. त्यात मास्तरांनीही मागे राहू नये. मात्र पाळी सर्वांची असावी, त्या कामातून मुलाला काही मिळावे, आणि ते काम कुणा मोठ्या माणसाची भाकरी काढून घेऊन आलेले नसावे. या तीन अटी भाऊरावांच्या घरात पाळल्या जात होत्या. नव्या स्मरणिका काढणाऱ्यांनी निकालाच्या तक्त्याशेजारी एवढाही हिशेब छापावा: आपल्या शाळेची घंटा आजवर कुणी कुणी वाजवली, आणि त्यांना आपण काय दिले.