हजार डॉलर रोज आणि एक राजीनामा

"फिजिबल आहे ना?" हा प्रश्न आपल्या धंद्यात रोज कुणीतरी कुणालातरी विचारत असतो. आणि खरं सांगा मंडळी, या प्रश्नाला सरळ "नाही" असं उत्तर तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत? "बघावं लागेल", "टाईट आहे, पण करू", "फेज टूमध्ये घेऊ"... अशी पन्नास उत्तरं आपल्याकडे तयार असतात. "नाही" मात्र नसतं. म्हणून या वीकेंडला एका अशा माणसाबद्दल लिहितोय, ज्याने चक्क अमेरिकेच्या संरक्षण खात्याला "नाही" म्हटलं.

तर झालं असं. २३ मार्च १९८३ ला राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी टीव्हीवर भाषण केलं. सोव्हिएत युनियनची अण्वस्त्रं अमेरिकेपर्यंत पोचायच्या आधीच हवेत, अंतराळात नष्ट करणारी ढाल बनवायची, म्हणजे अण्वस्त्रंच निकामी होतील, अशी ती कल्पना. सरकारी नाव 'स्ट्रॅटेजिक डिफेन्स इनिशिएटिव्ह', लोकांनी ठेवलेलं नाव 'स्टार वॉर्स'. लेझर, उपग्रह, आरसे यावर भरपूर चर्चा झाली. पण हजारो क्षेपणास्त्रं ओळखायची, खरी कुठली आणि फसवी कुठली ते ठरवायचं, कुणी कुणावर मारा करायचा ते सांगायचं, हे सगळं करणार कोण? सॉफ्टवेअर! अंदाज होता एक कोटी ओळींच्या आसपास कोडचा.

१९८५ मध्ये या सॉफ्टवेअरच्या प्रश्नावर सल्ला द्यायला तज्ज्ञांचं पॅनेल नेमलं गेलं. मानधन दिवसाला १,००० डॉलर. त्यात एक नाव होतं डेव्हिड पार्नास. हे नाव ओळखीचं वाटत नसलं तरी त्यांचं काम तुम्ही रोज वापरता. क्लासमधले व्हेरिएबल प्रायव्हेट ठेवायचे, मोड्यूलच्या पोटात काय आहे ते बाहेरच्याला कळू द्यायचं नाही, या विचाराची मांडणी त्यांनी १९७२ च्या एका पेपरमध्ये केली होती. त्यावेळी ते कॅनडात व्हिक्टोरिया विद्यापीठात शिकवत होते आणि वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीसाठी सल्लागार म्हणून काम करत होते. ए-सेव्हन या लढाऊ विमानाच्या सॉफ्टवेअरवर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं होतं. म्हणजे हा माणूस "युद्ध वाईट, मी त्यात नाही" म्हणणारा नव्हता, हे लक्षात घ्या. संरक्षण खात्याचं काम करायला त्यांची काही हरकत नव्हती.

नेमणुकीनंतर काही आठवड्यांतच, २८ जून १९८५ ला, त्यांनी राजीनामा दिला. सोबत आठ छोटे निबंध जोडले. त्यात राजकारण जवळपास नाहीच. आहे ते निव्वळ इंजिनियरिंग, आणि आपल्यापैकी कुणालाही कळेल असं.

एक, रिक्वायरमेंटच माहीत नाही. शत्रू कसली क्षेपणास्त्रं पाठवणार, कसले फसवे गोळे सोडणार, हे शत्रू ठरवणार आणि तो ते आपल्याला कळवणार नाही. दोन, खऱ्या परिस्थितीत टेस्ट करता येत नाही. त्यासाठी अणुयुद्धच करावं लागेल! तीन, प्रॉडक्शनमध्ये बग सापडला तर पॅच टाकायला वेळ नाही. सगळं युद्ध फार तर तासा-दीड तासात आटोपणार. थोडक्यात काय, इतिहासातली सर्वात गुंतागुंतीची सिस्टिम पहिल्याच रनला बरोबर चालली पाहिजे. मोठी सॉफ्टवेअर वापरात येऊन, चुका सापडून, दुरुस्त होऊनच विश्वासार्ह होतात, हे पार्नासना अनुभवाने माहीत होतं. आणि विश्वास नसलेल्या ढालीचा उपयोग काय? अमेरिका तिच्या भरवशावर आपली अण्वस्त्रं कमी करणार नाही, आणि सोव्हिएत मात्र ती भेदायला आणखी क्षेपणास्त्रं बनवणार.

यावर उलट मुद्दे मांडणारे लोकही हुशार होते. पॅनेलच्या बाकीच्या सदस्यांनी त्याच वर्षाच्या शेवटी रिपोर्ट दिला की सगळं एका केंद्रातून चालवायचा हट्ट सोडून सुटे सुटे, स्वतंत्र भाग केले तर सॉफ्टवेअर जमू शकेल. ऑक्टोबर १९८५ मध्ये एमआयटीत जाहीर वादविवादही झाला. तांत्रिक मतभेद प्रामाणिक असू शकतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मला अस्वस्थ करतो तो दुसरा भाग. पार्नासनी नंतर लिहिलंय की खाजगीत अनेक सहकाऱ्यांना त्यांचं म्हणणं पटत होतं. पण उत्तरं यायची ती अशी: पैसा तर खर्च होणारच आहे, मग तो चांगल्या संशोधनावर लावू या. सरकारने ठरवलंय, आपण कोण बदलणार? तुम्ही सोडल्याने प्रोजेक्ट थोडंच थांबणार आहे? ही वाक्यं ओळखीची वाटतात ना? मलाही वाटली. आपल्या कॅन्टीनमध्ये ती मराठीत बोलली जातात, एवढाच फरक.

पार्नासचं उत्तर साधं होतं. मी काय करतो याची जबाबदारी माझी, वरच्याने सांगितलं म्हणून ती त्याच्याकडे जात नाही. कामाचा समाजाला उपयोग आहे का, हे तपासणं माझ्या कामातच येतं. आणि साहेबाला आज खूष करणं वेगळं, खरा प्रश्न सोडवणं वेगळं. १९८७ मध्ये 'कॉम्प्युटर प्रोफेशनल्स फॉर सोशल रिस्पॉन्सिबिलिटी' या संस्थेने आपला पहिला नॉर्बर्ट वीनर पुरस्कार त्यांना दिला.

राजीनाम्याने प्रोजेक्ट थांबलं नाही. १९९३ मध्ये त्याचं नाव आणि रूप बदललं, तोवर अंदाजे ३० अब्ज डॉलर खर्च झाले होते. रेगन यांनी सांगितलेली ढाल कधीच उभी राहिली नाही.

टेस्टिंगबद्दलचा मुद्दा मात्र एका कितीतरी छोट्या सिस्टिमने खरा करून दाखवला. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धहरान. तिथली पेट्रियट क्षेपणास्त्रांची बॅटरी १०० तासांहून जास्त वेळ सलग चालू होती. तिचं घड्याळ सेकंदाचा दहावा भाग २४ बिटांमध्ये साठवायचं, त्यातली बारीकशी चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेली. तेवढ्या वेळात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. पेट्रियटने चुकीच्या जागी पाहिलं आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. इतका वेळ सलग चालवतील असं डिझाइन करताना कुणी धरलंच नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर तिथे पोचलं २६ फेब्रुवारीला. एक दिवस उशिरा.

आणि हे सगळं संपलंय असंही नाही. मे २०२५ मध्ये ट्रम्प यांनी 'गोल्डन डोम' नावाची नवी ढाल जाहीर केली, १७५ अब्ज डॉलरची. तंत्र चाळीस वर्षांत खूप पुढे गेलंय, तरीही शत्रू आपली रिक्वायरमेंट आधी सांगणार नाही, हे काही बदललेलं नाही.

आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला अण्वस्त्रं येणार नाहीत. पण कर्ज मंजूर करणारं मॉडेल, हॉस्पिटलमधलं डोसचं सॉफ्टवेअर, रेशन कुणाला मिळेल ते ठरवणारा डेटाबेस, हे येऊ शकतं. प्रत्येक वेळी राजीनामा द्या असं मी म्हणत नाही, होम लोनचे हप्ते मलाही आहेत. पण पार्नासनी राजीनाम्याआधी जे केलं ते तर कुणालाही करता येईल. काय होणार नाही आणि का होणार नाही, ते आठ मुद्द्यांत, नाव घालून, लेखी लिहून द्यायचं. भिंतीवर डोकं आपटण्यापेक्षा ते बरंच सोपं आहे. निर्णय वरच्यांनी घ्यायचा तर घेऊ दे, पण "आम्हाला कुणी सांगितलंच नाही" असं त्यांना नंतर म्हणता येऊ नये.

तुम्हाला काय वाटतं?