भाड्याच्या गाळ्यातले गॅरेज : कोणत्या नुकसानीला कोणता विमा?

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे आपल्या शहरातील छावणी भागात तळमजल्यावरच्या शिलाई दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील ७ जण धुराने गुदमरून मरण पावले. खाली दुकान, वर घर अशी रचना जुन्या वस्त्यांत गल्लोगल्ली आहे. खाली गॅरेज असेल तर पेट्रोल, थिनर, वेल्डिंगची ठिणगी आणि गिऱ्हाईकांच्या गाड्या यांची भर पडते.

आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचे वडील असे गॅरेज चालवतात. विम्याचा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर असते, “दुकानाचा विमा आहे ना!” पण दुकानाचा विमा आपल्या सामानाचा असतो. आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर ते कोण भरणार, हा प्रश्न वेगळा आहे. म्हणून आम्ही इथे एकेक जबाबदारी सुटी करून सांगत आहोत.

दुकानाचा विमा काय देतो?

१ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही ठरलेल्या नमुन्याची पॉलिसी आहे. एका जागेवरील ५ कोटी रुपयांपर्यंतच्या मालमत्तेसाठी ती मिळते. आग, पूर, वादळ, दंगल, तोडफोड यांत आपली यंत्रे, हत्यारे, स्पेअर पार्ट यांचे झालेले नुकसान त्यात येते. शेजारी, गिऱ्हाईक किंवा कारागीर यांना द्यायची भरपाई त्यात येत नाही.

शेजारी आणि वाटसरू

जॅक सरकून कुणाचा पाय गेला, आग पसरून शेजारचे दुकान जळले, तर त्यासाठी ‘पब्लिक लायबिलिटी’ पॉलिसी असते. १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याची सक्ती ठराविक प्रमाणापेक्षा जास्त घातक रसायने हाताळणाऱ्यांना आहे. साध्या गॅरेजला ही पॉलिसी स्वतःहून घ्यावी लागते.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मर्यादा दोन असतात : एका अपघाताची आणि वर्षभराची. दुसरी, दावा ज्या काळात येतो त्या काळात पॉलिसी चालू असावी लागते, म्हणून नूतनीकरणात खंड पडू देऊ नये. तिसरी आणि सर्वात महत्त्वाची : आपल्या ताब्यातली दुसऱ्याची वस्तू साधारणपणे यातून वगळलेली असते. म्हणजे रॅम्पवर चढवलेली गिऱ्हाईकाची गाडी यात येत नाही.

गिऱ्हाईकाची गाडी

ही गाडी आपल्याकडे अमानत असते. भारतीय करार कायदा, १८७२ हेच सांगतो : दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तितकी काळजी घेतली पाहिजे (कलम १५१). गिऱ्हाईकाच्या विमा कंपनीने त्याला भरपाई दिली, तरी चूक गॅरेजची असेल तर ती रक्कम ती कंपनी आपल्याकडून वसूल करू शकते. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ असा बोर्ड लावून निश्चिंत होऊ नये.

यासाठी गॅरेजवाल्यांची ‘मोटर ट्रेड’ पॉलिसी असते. तिच्यात जागेच्या आतली जोखीम आणि रस्त्यावरची जोखीम असे वेगवेगळे भाग असतात. आपल्याला कोणता भाग मिळतो आहे, ते लेखी विचारावे. ट्रायलसाठी गाडी रस्त्यावर काढण्याआधी तिचा थर्ड पार्टी विमा आणि चालवणाऱ्याचे लायसन्स, दोन्ही चालू आहेत का ते पाहावे.

कारागीर

कामावर असताना कारागीर जखमी झाला तर भरपाई मालकावर येते, आणि बहुतेक वेळा चूक कुणाची हे पाहिले जात नाही. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यातील या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आल्या आहेत. हिशेब पाहा : २५ वर्षांचा कारागीर, पगार १२,००० रुपये. मृत्यू झाल्यास पगाराचा निम्मा भाग, म्हणजे ६,००० गुणिले वयाचा गुणांक २१६.९१, बरोबर १३,०१,४६० रुपये. लहान गॅरेज एवढी रक्कम खिशातून देऊ शकत नाही. कारागिरांसाठीची पॉलिसी वेगळी असते. तिच्यात नावे किंवा संख्या आणि खरा पगार लिहावा.

आणि १४ वर्षांखालचे मूल कामावर ठेवणे कायद्याने गुन्हा आहे. त्याची जागा वर्गात आहे.

घरमालक

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नुसती नोटरी पुरत नाही. करारात ‘गॅरेज’ हा वापर स्पष्ट लिहून घ्यावा. इमारतीचा आगीचा विमा कोण काढणार, तेही त्यातच ठरवावे. गाळा आपल्या ताब्यात असल्याने पब्लिक लायबिलिटीत तो सुटू शकतो. भाडेकरूची जबाबदारी जोडून मिळते का, विचारावे.

फॉर्म भरताना

वेल्डिंग, पेंटिंग, बॅटरी चार्जिंग, वर राहणारी कुटुंबे, काहीच लपवू नये. लपवलेली गोष्ट नंतर दावा नाकारण्याचे कारण होते. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच ठेवता येते. प्रीमियम भरल्याशिवाय जोखीम सुरू होत नाही, म्हणून पावती जपून ठेवावी. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी धरून हिशेब करावा.

दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी, मग ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. त्यानंतर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे सूक्ष्म उद्योगाची तक्रार चालते आणि फी लागत नाही. म्हणून उद्यम नोंदणी करून ठेवावी.

विमा जायज आहे का?

व्यापारी विम्याबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत. व्याज आणि अनिश्चितता हे मुख्य आक्षेप. तकाफुल चालवणारी परवानाधारक कंपनी भारतात नाही. आपल्या भरवशाच्या मुफ्ती साहेबांना विचारून निर्णय घ्यावा. मात्र विमा घेतला नाही म्हणून भरपाईची जबाबदारी सुटत नाही. ज्याचे नुकसान झाले त्याचा हक्क आपल्यावर राहतोच.

पैसे कमी असतील तर

सगळ्या पॉलिसी एकदम झेपत नसतील तर क्रम असा ठेवावा : आधी कारागीर, मग शेजारी-वाटसरू आणि गिऱ्हाईकाची गाडी, शेवटी आपली हत्यारे. हत्यारे पुन्हा हळूहळू जमवता येतात. दुसऱ्याचे देणे मात्र एकदम समोर उभे राहते आणि घर विकायला लावते.