शस्त्रक्रियेचे रुग्ण आणि ‘एआय’ सहायक

शस्त्रक्रियेपूर्वी किती तास उपाशी राहावे, टाके भिजल्यास काय करावे, अशा प्रश्नांना संभाषणाच्या रूपात उत्तर देणारी संगणकीय प्रणाली म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा चॅट सहायक.

मध्य प्रदेशाच्या बालाघाटसारख्या सीमावर्ती जिल्ह्यातून गोंदिया वा नागपूरला जाऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या रुग्णाला घरी परतल्यावर शंका येते, तेव्हा शल्यचिकित्सक जवळ नसतो. मोबाइलवरील सहायक मात्र मध्यरात्रीही उत्तर देतो. ‘जामा इंटर्नल मेडिसिन’च्या २०२३ मधील अभ्यासात आरोग्यविषयक १९५ प्रश्नांवरील उत्तरे तपासणाऱ्या तज्ज्ञांनी बहुतेक वेळा डॉक्टरांपेक्षा चॅटजीपीटीच्या उत्तरांना पसंती दिली.

तरीही त्याला जखम चाचपता येत नाही आणि चुकीचे उत्तरही तो ठामपणे देऊ शकतो. भारताच्या मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रणालीने रुग्णाला सल्ला वा औषध देण्यास मनाई आहे. ती डॉक्टरांना साहाय्य करू शकते, अंतिम सल्ला नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यायचा असतो.

म्हणून डिस्चार्ज कार्डावरील कठीण शब्द समजून घेण्यापुरता त्याचा उपयोग करावा. ताप, जखमेतून पू, न थांबणारा रक्तस्राव, धाप किंवा पोटरीची सूज दिसल्यास तत्काळ डॉक्टरांशी संपर्क साधावा. प्रकृती गंभीर असल्यास १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.